क्रियापद जागा सोडते तेव्हा

अकरावीत असतानाची गोष्ट. इंग्रजीच्या तासाला सरांनी मला उभे केले. 'तू कधी येशील?' या वाक्याचे इंग्रजी करायचे होते. मी धीर करून म्हणाले, 'व्हेन यू विल कम?' वर्ग हसला. सर म्हणाले, 'चूक. व्हेन विल यू कम. बस खाली.' मी बसले. पण 'विल' आधी का आणि 'यू' नंतर का, हे कोणी सांगितले नाही. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. घरी विचारणार कोणाला? आईला इतकेच सांगितले की आज चुकलं. ती म्हणाली, 'मग बरोबर कसं ते विचारून ये.' ते विचारून यायला मला तीन वर्षे लागली. ग्रंथालयात भाषाविज्ञानाची पुस्तके चाळताना जे उमगले, ते माझ्यासारख्याच इतरांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

'यू विल कम' हे साधे विधान. त्याचा प्रश्न करताना 'विल' हे साहाय्यक क्रियापद आपली जागा सोडते आणि कर्त्याला ओलांडून पुढे जाते. विधान आणि प्रश्न यांसारख्या रचनांमधील नाते नियमांनी मांडण्याची दिशा नोम चॉम्स्की यांच्या १९५७ मधील 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या छोट्या पुस्तकाने दिली. पुढच्या अभ्यासकांना प्रश्न पडला, की पुढे गेलेले क्रियापद नेमके बसते कुठे?

उत्तर मोठे गमतीचे आहे. वाक्याच्या दाराशी एकच आसन असते आणि ते मुळात उभयान्वयी अव्ययाचे. पुरावा पाहा. 'मला ठाऊक असते तर' हे इंग्रजीत दोन प्रकारे म्हणता येते : 'इफ आय हॅड नोन' किंवा नुसते 'हॅड आय नोन'. 'इफ' असेल तर 'हॅड' जागचे हलत नाही. 'इफ' नसेल तर 'हॅड' पुढे येते. मात्र 'इफ हॅड आय नोन' असे कोणी म्हणत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी 'इफ'ने ती जागा धरलेली असते. तिथे दुसऱ्याला बसता येत नाही.

जर्मन भाषेत हे आणखी स्वच्छ दिसते. 'मी पुस्तक वाचतो' याला जर्मन माणूस म्हणतो, 'इश लेझे दास बूख'. क्रियापद 'लेझे' दुसऱ्या स्थानी आले. पण 'कारण' या अर्थाचा 'वाइल' शब्द आरंभी आला, की वाक्य होते 'वाइल इश दास बूख लेझे'. क्रियापद थेट शेवटी, अगदी आपल्या मराठीसारखे! आसन 'वाइल'ने अडवले, म्हणून ते घरीच राहिले. डच भाषाशास्त्रज्ञ हान्स डेन बेस्टेन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हाच मुद्दा मांडला, की उभयान्वयी अव्यय आणि क्रियापद एकाच जागेचे दावेदार आहेत.

मग सगळीच क्रियापदे अशी फिरतात का? नाही. 'ती वारंवार चहा पिते' हे इंग्रजीत 'शी ऑफन ड्रिंक्स टी'. फ्रेंचमध्ये 'एल ब्वा सूव्हाँ द्यु ते'. 'सूव्हाँ' म्हणजे वारंवार. फ्रेंच क्रियापद 'ब्वा' त्याला ओलांडून पुढे गेले. इंग्रजी 'ड्रिंक्स' मात्र 'ऑफन'च्या मागेच राहिले. जोसेफ एमंड्स यांनी १९७८ मध्ये आणि जाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मध्ये या फरकाची चर्चा केली. इंग्रजीत 'बी', 'हॅव', 'विल' अशी मोजकी क्रियापदेच जागा सोडतात. साधे क्रियापद सोडत नाही. म्हणून 'ड्रिंक्स शी टी?' होत नाही. 'डू'ला पुढे धाडावे लागते : 'डझ शी ड्रिंक टी?' शाळेत 'डू-डझ-डिड'चे कोष्टक पाठ केले होते. त्यामागचे कारण हे, एवढे तेव्हा कळले असते तर घोकंपट्टी निम्मी झाली असती.

आता मराठीकडे येऊ. 'तू कधी येशील?' यात 'येशील' जागचे हलत नाही. रागावलेली आई 'येशील कधी तू?' म्हणते, पण तो शब्दांवरचा जोर आहे, प्रश्न करण्याची अट नव्हे. इंग्रजीत मात्र ती अट आहे. माझ्या तोंडून 'व्हेन यू विल कम' आले ते यामुळे. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर मी माझ्या भाषेचा नियम इमानाने पाळला म्हणून.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा तर मी ग्रंथालयात एकटीच हसले. 'तू कधी येशील ते मला ठाऊक नाही' याचे इंग्रजी पाहा : 'आय डोन्ट नो व्हेन यू विल कम'. तोच माझा शब्दक्रम, आणि इथे तोच बरोबर! कारण हे पोटवाक्य आहे. इथे ते आसन न उच्चारलेल्या उभयान्वयी अव्ययाने धरले आहे असे मानतात, म्हणून 'विल' हलत नाही. म्हणजे ज्या शब्दांना वर्ग हसला, ते इंग्रजीच होते. फक्त मुख्य वाक्यात शोभणारे नव्हते.

गुरुजनांना एक नम्र विनंती. आमच्यासारखी मुले चुकली, तर 'चूक' म्हणाच. पण पाठोपाठ दोन वाक्यांत कारणही सांगा. घरी सांगणारे कोणी नसते, हो. आईने सांगितलेले काम आता पुरे झाले आहे. यंदा धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याने परवा हीच चूक केली. मी हसले नाही. त्याला एसटीतल्या रुमालाची गोष्ट सांगितली.

— द्वितीय वर्ष, कला