आकाशातली पाच सेकंदं

कट्ट्याच्या बाजारातून सायकलवरून घरी निघाला आहात असं समजा. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मधून अरुंद पाणंद. समोरून दुसरी सायकल आली. तुम्ही डावीकडे वळलात, तर तोही नेमका त्याच बाजूला! तुम्ही उजवीकडे, तर तोही तिकडेच! शेवटी दोघंही धडामदिशी गडग्यावर.

हेच आकाशात झालं तर? ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि खाली उतरणारं विमान आपल्या भागातल्या मुलांना जवळून दिसलं. एखादी आजी विचारील, ‘‘वर रस्तो नाय, सिग्नल नाय, मगे ही एकमेकांका आपटत कशी नाय?’’

आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. जमिनीवरचे हवाई वाहतूक नियंत्रक प्रत्येक विमानाला उंची ठरवून देतात. वरखाली जाणाऱ्या दोन विमानांत सहसा निदान एक हजार फूट अंतर ठेवतात. पण चूक कुणाकडूनही होते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ कझाकस्तानचं विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं आणि सौदी अरेबियाच्या विमानावर आदळलं. ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्या देशात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

या यंत्राचं नाव ‘टीकॅस’. ते साधारण दर सेकंदाला आसपासच्या विमानांना रेडिओलहरींनी विचारतं, ‘कुठे आहात? किती उंचीवर?’ उत्तरं आली की हिशेब करतं. धोका वाटला तर आधी आवाज येतो, ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक!’ तेव्हा वैमानिक विमान वळवत नाहीत. फक्त सावध होतात. धोका वाढला की हुकूम येतो, ‘क्लाइम्ब, क्लाइम्ब!’ म्हणजे वर चढा. त्याच वेळी दुसऱ्या विमानातलं यंत्र सांगतं, ‘डिसेंड!’ म्हणजे खाली जा. कोण वर आणि कोण खाली, हे दोन्ही यंत्रं आपसात ठरवून टाकतात. पाणंदीतला घोळ इथे नाही!

आता वैमानिकाची परीक्षा. पाच सेकंदांच्या आत त्यानं हुकूम पाळायला सुरुवात करायची. तीही झटका न देता, कारण मागे माणसं बसलेली असतात. मग नियंत्रकाला कळवायचं.

पण नियंत्रक नेमकं उलट सांगत असेल तर? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेन गावावर तसंच घडलं. रशियाच्या विमानात सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं होती. नियंत्रक म्हणाला, ‘खाली या.’ यंत्र म्हणालं, ‘वर चढा.’ वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या मालवाहू विमानानं मात्र आपल्या यंत्राचं ऐकलं आणि तेही खालीच आलं. ७१ जणांचा जीव गेला. पुढे जगभरचा नियम अगदी स्पष्ट झाला: अशा वेळी यंत्राचा हुकूम पाळा, त्याच्या उलट कधीही जाऊ नका.

या नियमाचं मोल आपल्या मुंबईजवळच्या आकाशातही दिसलं. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईहून भोपाळला निघालेलं विमान आणि दिल्लीहून पुण्याला येणारं विमान समोरासमोर आली. दोघांच्या उंचीत जेमतेम शंभर फुटांचा फरक उरला होता, म्हणजे एखाद-दीड माडाएवढा! भोपाळच्या विमानात कॅप्टन अनुपमा कोहली होत्या. यंत्राचा हुकूम येताच त्यांनी तो पाळला. दोन्ही विमानांतले मिळून अडीचशेहून अधिक प्रवासी सुखरूप राहिले.

आता मनातल्या मनात सावकाश मोजा पाहू: एक, दोन, तीन, चार, पाच. संपली की नाही वेळ? एवढ्यात ऐकायचं, समजून घ्यायचं आणि हात हलवायचा. म्हणून तर वैमानिक नकली कॉकपिटमध्ये बसून याचा पुन्हा पुन्हा सराव करतात. पुढच्या वेळी डोक्यावरून विमान गेलं की आजीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या!