घुमणाऱ्या सभागृहाचें गणित

रिकाम्या सभागृहांत टाळी वाजविली असतां तिचा नाद कांहीं वेळ घुमत राहतो. तेंच सभागृह स्नेहसंमेलनाच्या दिवशीं माणसांनीं भरलें म्हणजे घुमारा नाहींसा होतो. हा अनुभव आपल्या विद्यार्थ्यांस नवा नाहीं. परंतु असें कां व्हावें, हें मोजून सांगणारा पहिला मनुष्य एक तरुण अध्यापक होता, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

वॉलेस क्लेमंट सॅबिन ह्यांचा जन्म १८६८ सालीं अमेरिकेंतील ओहायो येथें झाला. अठराव्या वर्षीं पदवीधर होऊन ते हार्वर्ड विद्यापीठांत आले व तेथेंच पदार्थविज्ञान शिकवूं लागले. (डॉक्टर ही पदवी त्यांनीं अभ्यास करून कधींच घेतली नाहीं, पदवीचा सोस असलेल्या पालकांनीं हें अवश्य ध्यानीं घ्यावें.) १८९५ सालीं तेथील फॉग कलासंग्रहालयाचें व्याख्यानगृह तयार झालें, पण वक्त्याचा एकेक शब्द त्यांत सुमारें साडेपांच सेकंद घुमे. तेवढ्यांत वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जाई, आणि श्रोत्यांच्या कानीं नुसता कल्लोळ येई. हा दोष घालविण्याचें काम विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट ह्यांनीं सॅबिन ह्यांजवर सोंपविलें.

साधनें अगदीं साधीं : ऑर्गनची एक नळी, वेळ टिपणारें यंत्र आणि स्वतःचे कान. दिवसां रस्त्यावर गलबला असे, म्हणून काम मध्यरात्रीनंतर चाले. जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बाकांच्या गाद्या आणून मांडावयाच्या, नळी वाजवून एकदम थांबवावयाची, आणि नाद ऐकूं येईनासा होईपर्यंतचा काळ टिपावयाचा. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा आटत आटत सेकंदाच्या आसपास आला. मध्येंच त्यांस कळून आलें कीं, आपल्या अंगावरचे कपडेही नाद शोषितात. तेव्हां जमविलेल्या सुमारें तीन हजार नोंदी त्यांनीं टाकून दिल्या, व पुढें दर वेळीं तोच पोशाख घालून प्रयोग केले. आमच्या वर्गांत एक उदाहरण पुन्हां सोडवा म्हटलें तर काय चेहरे होतात!

ह्यांतून निघालेला नियम असा : घनमीटरांतील घनफळास ०.१६१ नें गुणावें व एकंदर शोषणानें भागावें. उत्तर सेकंदांत येतें. शोषणाचें माप म्हणजे उघडी खिडकी, कारण तींतून गेलेला नाद परत येत नाहीं. समजा, सभागृह १,००० घनमीटरांचें असून त्याचें शोषण ५० चौरस मीटर खिडकीइतकें आहे. तर घुमारा ३.२ सेकंद. मनुष्य सुमारें अर्ध्या चौरस मीटरचें काम करितो. २२० माणसें येऊन बसलीं कीं शोषण १६० होतें, आणि घुमारा एका सेकंदावर येतो.

ह्याच गणिताच्या आधारें बोस्टन येथील सिंफनी हॉल १९०० सालीं उभा राहिला. सॅबिन १९१९ सालीं वारले. शोषणाच्या मापास त्यांचेंच नांव मिळालें.

आज मोठ्या जलशांत ध्वनिक्षेपकांची व्यवस्था पाहणारांसही हाच अभ्यास लागतो. नाद सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो, वीज मात्र क्षणांत पोंचते. म्हणून मंचापासून ३४ मीटरांवरील ध्वनिक्षेपकास मुद्दाम सेकंदाचा दहावा भाग थांबवून बोलवावें लागतें. नाहींतर मागच्या श्रोत्यास गायकाचा एकच सूर दोनदां ऐकूं येतो.