मूत्राशयाचे ग्राही आणि रसायनीचे मॅलॅथिऑन

पाताळगंगेच्या काठच्या रसायनीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या केंद्र सरकारच्या कंपनीने ज्या मॅलॅथिऑनचे उत्पादन केले, ते हिवतापाच्या डासांवर फवारले जाणारे कीटकनाशक मानवी मूत्राशयाची एक नाजूक यंत्रणा समजून घेण्यास फार उपयोगी पडते.

मूत्राशयाची भिंत अनैच्छिक स्नायूंची असते आणि त्या स्नायूंच्या पेशींवर ग्राही, म्हणजे ठरावीक रासायनिक निरोप ओळखून पेशीच्या आत हालचाल सुरू करणारे प्रथिनांचे रेणू, असतात. लघवी साठत असताना नॉरॲड्रेनलीन हे द्रव्य बीटा-३ ग्राहींमार्फत ही भिंत सैल ठेवते, त्यामुळे प्रौढ माणसाच्या मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी फारसा दाब न वाढता मावते. ती बाहेर टाकायची वेळ आली की मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन सुटते आणि मस्करिनी ग्राहींवर बसते. एका विषारी अळंबीतील मस्करिन या द्रव्यावरून पडलेले हे नाव हेन्री डेल यांच्या १९१४ सालच्या संशोधनापासून रूढ झाले. या ग्राहींपैकी एम-२ प्रकार संख्येने बराच अधिक असला, तरी आकुंचनाचा मुख्य भार कमी संख्येच्या एम-३ प्रकारावर असतो, आणि केवळ मोजदादीवरून महत्त्व ठरवणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. एम-३ जागा झाला की पेशीतील कॅल्शियम वाढते आणि स्नायू आवळला जातो.

हा निरोप वेळेत पुसला जाणेही तितकेच आवश्यक असते, आणि ते काम ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणारे कोलिनेस्टरेज हे विकर करते. मॅलॅथिऑनपासून शरीरात तयार होणारे मॅलॉक्सॉन नेमके हेच विकर निकामी करते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात मॅलॅथिऑन मोडणारी दुसरी विकरे भरपूर असल्याने कीटकांच्या मानाने माणूस बराच सुरक्षित राहतो. मात्र मोठी मात्रा पोटात गेली तर लाळ सुटते, फुप्फुसांत स्राव साचतो आणि लघवीवरचा ताबा जातो.

त्यावरचा उतारा ॲट्रोपिन हा आपल्याकडे उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्याच्या बियांतही असतो. तो मस्करिनी ग्राहींची जागा अडवतो. हातापायांच्या आणि श्वसनाच्या ऐच्छिक स्नायूंवरील ग्राही निराळे असल्याने तेथील अशक्तपणावर मात्र त्याचा इलाज चालत नाही. ॲट्रोपिनची मात्रा जास्त झाली, तर मूत्राशय भरूनही आकुंचन पावत नाही आणि लघवी नळीने काढावी लागते.