धुळाक्षरांचे मद्रास
(बालहस्त आणि अक्षर : लेखांक ६)

मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात यांतले एकही नसते, तिथे नुसती कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडे धरू लागतात, सहा-सात वर्षांपर्यंत सात होतात. वाटाण्याएवढे आठवे हाड आठ ते बारा या वयात कधीतरी तयार होते. बोटांना आधार देणारे मनगटच असे सावकाश घडत असल्यामुळे लेखनाची घाई करून फारसे साधत नाही.

दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि त्याची रेघ खांद्यातून येते. दोन-तीन वर्षांचे झाले की बोटे खडूवर पुढे सरकतात, तरी हालचाल कोपरातूनच होते. साडेतीन-चारच्या सुमारास अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तिघांची पकड जमते, पण बोटे अजून ताठ असतात. ती पेन्सिलीसह आत-बाहेर हलू लागतात पाच-सहाव्या वर्षी. आकारांचाही असाच क्रम असतो : आधी उभी आणि आडवी रेघ, तीनच्या आसपास गोल, चारला फुली, पाचला चौकोन आणि त्यानंतर तिरप्या रेघांचा त्रिकोण. चार-सहा महिने इकडे-तिकडे होतात, क्रम सहसा बदलत नाही. आता मुळाक्षरांतले पहिलेच अक्षर पाहावे. ‘अ’मध्ये दोन वळणे, एक आडवी जोडरेघ, एक काना आणि वर शिरोरेघा! तीन वर्षांच्या हातासाठी देवनागरीत याहून अवघड सुरुवात शोधूनही सापडणार नाही.

जुन्या शाळा कागदापासून सुरुवात करत नसत. मराठीत शिक्षणाच्या आरंभाला आजही ‘धुळाक्षरे गिरवणे’ म्हणतात. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने किंवा काडीने अक्षरे काढत. तमिळ मुलखात घराच्या ओट्यावर भरणाऱ्या ‘तिण्णै’ शाळांत हेच काम वाळूवर चाले. पिएत्रो देल्ला व्हाले या इटालियन प्रवाशाने 1623 मध्ये कर्नाटकात चार मुले पाहिली. ती जमिनीवर बारीक वाळू पसरून बोटाने आकडे लिहीत होती आणि लिहिता लिहिता तेच सुरात म्हणत होती. डोळा, कान, तोंड आणि बोट एकाच वेळी कामाला लागल्याची ही लेखी नोंद चारशे वर्षांपूर्वीची आहे.

ही वाळू युरोपात पोचली ती मद्रासमधून. अँड्रयू बेल हा स्कॉटिश पाद्री 1789 मध्ये एग्मोरच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. कंपनीच्या सैनिकांची पोरकी मुले तिथे राहत. एकदा सकाळी घोड्यावरून जाताना त्याला ‘मलबार’ मुलांची शाळा दिसली (तेव्हाचे इंग्रज तमिळांनाही मलबारच म्हणत). मुले वाळूत बोटाने लिहीत होती. बेलने ही रीत आश्रमात आणायचे ठरवले, पण तिथल्या शिक्षकांना ती पटेना. शेवटी त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच खालच्या वर्गावर नेमले, आणि त्या मुलाने काम करून दाखवले. बेल 1796 मध्ये मायदेशी परतला, 1797 मध्ये त्याने लंडनला आपल्या प्रयोगाचा अहवाल छापला. थोड्याच वर्षांत इंग्लंडमधली गरिबांची मुले वाळूच्या तबकांत अक्षरे काढू लागली. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रयूज इथे त्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या शाळेचे नाव आजही ‘मद्रास कॉलेज’ आहे.

बेलचे कौतुक मात्र जपूनच करावे. त्याला आवडली ती मुख्यतः काटकसर : कागद लागत नाही आणि मोठी मुले लहानांना फुकट शिकवतात. बोटांच्या वाढीचा विचार त्यात नव्हता. पुढे या ‘मद्रास पद्धती’च्या शाळा शेकडो मुलांच्या कवायतीच झाल्या. वाळूचे खरे गुण वेगळेच आहेत. ती बोटाला किंचित अडवते, त्यामुळे रेघ कुठे वळली हे मुलाला डोळ्याआधी बोटातून कळते. हत्यार नसल्यामुळे पकडीचा प्रश्न उरत नाही. चूक तळहाताने पुसली की संपली. वहीवर खोडरबराचा डाग राहतो आणि तो मोठ्यांना दिसतो.

स्पर्शाने अक्षर शिकवण्याचा शास्त्रशुद्ध विचार मद्रासला आला तो नोव्हेंबर 1939 मध्ये. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसोरी मुलगा मारिओसह अड्यारला आल्या. त्यांच्या पहिल्याच वर्गाला देशभरातून शिक्षक जमले. सहा-आठ महिन्यांत इटली युद्धात उतरली आणि दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला स्थानबद्ध करण्यात आले, मारियाबाईंच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. 31 ऑगस्ट 1940 रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला, मारिओची सुटका झाली. काही महिन्यांसाठी आलेल्या बाई 1946 पर्यंत भारतातच राहिल्या.

त्यांच्या साधनांत सँडपेपरची खरखरीत अक्षरे असतात. गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या अक्षरावरून मूल दोन बोटे लिहिण्याच्याच दिशेने फिरवते आणि त्याचा उच्चार करते. ही कल्पना त्यांनी वाळूवरून घेतली नव्हती; इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या कामातून ती वाढली होती. तरी बोट तेच करते. अक्षरांइतकेच महत्त्व त्याआधीच्या तयारीला आहे. छोटी मूठ असलेले लाकडी दट्टे ठोकळ्याच्या भोकांत बसवताना मूल तीनच बोटांनी ती मूठ धरते. पेन्सिलीची पकड अशी पेन्सिलीवाचून बसते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ही महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले आणि खडे वापरले. मुलाच्या बोटांना त्यातले काही कमी पडले नाही.

चेन्नईच्या जुन्या घरांत तर अशी साधने मुद्दाम करावीच लागत नाहीत. ‘पल्लांगुळी’ हा चौदा खळ्यांच्या लाकडी पाटावरचा खेळ पाहावा. एका खळीतले चिंचोके किंवा कवड्या मुठीत उचलून पुढच्या खळ्यांत एकेक टाकत जायचे. मुठीतला एकच चिंचोका अंगठ्याने बोटांच्या टोकाशी आणून सोडायचा आणि बाकीचे करंगळीकडच्या बोटांनी धरून ठेवायचे : लिहिताना हाताला नेमकी हीच विभागणी लागते. आपल्याकडचे सागरगोटे याच जातीचे. पहाटे दारात काढायच्या कोलमचे पीठ चिमटीतून सोडताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतात. ठिपक्यांना वळसा घालत जाणारी रेघ तर अक्षराच्या वळणाचीच पूर्वतयारी. मोगरा ओवणे, कणकेच्या गोळ्या वळणे, मटार सोलणे हीही अशीच कामे आहेत. यांतली निम्मी कामे फ्लॅटमधून आणि मुलांच्या वाट्यातून गेली, आणि त्यांच्या जागी ठिपके जोडायच्या कार्यपुस्तिका आल्या. हा सौदा तोट्याचा आहे.

शाळांमधला एक उपाय चेन्नई महापालिकेने दाखवला. आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या काळात, 2003 मध्ये, तेरा शाळांत कृतियुक्त शिक्षण सुरू झाले. पुढे ते राज्यभर गेले. त्यात भिंतींच्या खालच्या पट्ट्यावर, मुलाच्या उंचीला, काळे फळे रंगवले गेले आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा तुकडा मिळाला. उभ्या फळ्यावर लिहिताना मनगट आपोआप मागे वळते, खांदा स्थिर राहतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे काढता येते. टेबलावरच्या वहीत हे तिन्ही अवघड असते.

कोणते अक्षर आधी, याचे उत्तर मराठी शाळेने कधीच दिले आहे : ग, म, भ, न. या चौघांना उजवीकडे काना आहे, फरक काय तो डावीकडच्या वळणाचा. वर्णमालेचा क्रम बोलण्यासाठी, हा क्रम हातासाठी. तमिळमध्ये ‘ट’चे अक्षर दोन सरळ रेघांचे, ‘प’चे तीन रेघांचे, आणि त्याच ‘प’ला वळण दिले की ‘म’. तमिळनाडूत 2006 च्या कायद्याने शाळेत तमिळ सक्तीचे झाले, त्यामुळे चेन्नईतल्या मराठी मुलासमोर तमिळ, रोमन आणि घरची देवनागरी अशा तीन लिप्या येतात. तिन्ही डावीकडून उजवीकडे जातात. एका वेळी एकच लिपी बोटाखाली ठेवावी. दुसरी नुसती दिसत-ऐकू येत राहिली तरी चालते.

पेन्सिल द्यायची तर आखूड द्यावी, खडूचा तुटका तुकडा त्याहून चांगला. तो मुठीत मावतच नाही, बोटांनीच धरावा लागतो. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये, कागद मात्र उजवीकडे थोडा तिरपा करावा. सहा वर्षे पुरी झाल्यावरही गुंड्या लावणे, कात्री चालवणे आणि लिहिणे हे सगळेच जड जात असेल, तर शिकवणी लावण्याऐवजी ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवावे. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे हा विभाग आहे.