वीज गेल्यानंतरची दप्तरतपासणी

पूर्वीं घरोघर एक लोखंडी पेटी असे. जमिनीचे उतारे, गहाणखतें, मुलांच्या पत्रिका, दूरदेशीं गेलेल्या माणसांचीं पत्रें, सारें कांहीं तींत. पावसाळ्यांत छप्पर गळून पेटींत पाणी शिरलें, तर कोणता कागद भिजला आणि कोणता वांचला हें झांकण उघडतांच दिसे. आज तींच कागदपत्रें, शिवाय लग्नमुंजींचीं छायाचित्रें, घरचा जमाखर्च आणि कन्येचा अर्धा लिहून झालेला प्रबंध संगणकाच्या तबकडीवर असतो. तबकडीचें झांकण असें उघडून पाहतां येत नाहीं. लिहितां लिहितां वीज जाते, किंवा यंत्र जागच्या जागीं थिजतें व कळ दाबून बंद करावें लागतें. पुन्हां सुरू करतांना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरकूं लागतात: अमुक नोंद जुळत नाहीं, तमुक कप्पा दोघांच्या नांवें आहे, दुरुस्त करूं काय? घरांतील ज्याला त्यांतलें थोडें कळतें असा तरुण ‘होय’चें अक्षर दाबीत सुटतो. शेवटीं ‘स्वच्छ’ असा दाखला पडद्यावर उमटतो आणि मंडळी सुटकेचा श्वास टाकतात. दाखला खोटा नसतो. पण तो कशाचा, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

तें समजण्यासाठीं तबकडीवर लेखन कसें ठेवलेलें असतें तें प्रथम पाहिलें पाहिजे. तेथील जागा लहान लहान समान कप्प्यांत विभागलेली असते. हल्लीं बहुधा एका कप्प्यांत ४०९६ बाइट मावतात, आणि एखादें मोठें छायाचित्र असे हजारभर कप्पे अडवितें. ते सर्व शेजारीं शेजारींच असतील असें नाहीं. कोणता कप्पा कोणाचा याचा हिशेब ठेवणारी जी व्यवस्था, तिला फाइल-सिस्टिम म्हणतात; आपण तिला दप्तर म्हणूं. युनिक्स घराण्यांतील यंत्रांत, आणि लिनक्स हेंही त्याच वळणाचें, प्रत्येक फाइलीचें एक टिपण असतें. त्याला आयनोड असें नांव आहे. फाइलीचा मालक कोण, आकार केवढा, शेवटचा बदल केव्हां झाला, मजकूर कोणकोणत्या कप्प्यांत आहे, हें सर्व त्यावर लिहिलेलें असतें. गंमत अशी कीं, फाइलीचें नांव मात्र त्या टिपणावर नसतें! नांव असतें सूचींत, म्हणजे ज्याला आपण फोल्डर म्हणतों त्यांत, आणि नांवापुढें टिपणाचा क्रमांक असतो. याखेरीज भरलेल्या व रिकाम्या कप्प्यांचा एक नकाशा असतो, आणि सर्वांच्या आरंभीं या दप्तराचीं मोजमापें सांगणारें मुखपृष्ठ; त्याला सुपरब्लॉक म्हणतात.

तेव्हां साधी एक नवी फाइल ठेवावयाची तरी नकाशांत खूण, टिपणाचें लेखन, सूचींत नांव आणि प्रत्यक्ष मजकूर अशा चार ठिकाणीं हात लावावा लागतो. तबकडीला हें एका दमांत करतां येत नाहीं. शिवाय वेग यावा म्हणून यंत्र लिहावयाचा मजकूर कांहीं काळ आपल्या स्मृतींतच साठवून ठेवतें. लिनक्समध्यें हा काळ सामान्यतः अर्ध्या मिनिटापर्यंत जाऊं शकतो. वीज गेली कीं स्मृतींतलें सारें पुसलें जातें, आणि चारांपैकीं दोन नोंदी झाल्या, दोन राहिल्या, अशा अवस्थेंत दप्तर सांपडतें.

आतां कोणत्या दोन राहिल्या यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. नकाशांत कप्पा भरलेला दिसतो पण तो कोणाच्याच टिपणावर नाहीं, असें झालें तर थोडी जागा वायां जाते, इतकेंच. याच्या उलट झालें, म्हणजे टिपणावर कप्पा आहे पण नकाशा त्याला रिकामा म्हणतो, तर प्रकरण गंभीर आहे. आज फाइल उघडते, वाचतां येते, कसलीही तक्रार नसते. उद्यां यंत्र तोच कप्पा रिकामा समजून दुसऱ्या फाइलीला देतें, आणि एकाच शेताचा सात-बारा दोघांच्या नांवें निघावा तसा प्रकार होतो. म्हणूनच तपासणी झाल्यावांचून दप्तर पुन्हां वापरांत घेऊं नये, असा नियम पहिल्यापासून पडला.

अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ मध्यें युनिक्सची उभारणी आरंभिली. प्रारंभीं तपासणीसाठीं निरनिराळीं छोटीं साधनें होतीं. एक कप्प्यांचा हिशेब पाही, दुसरें सूच्यांचा. दोष दाखविल्यावर पुढची शस्त्रक्रिया बहुतांशीं यंत्राच्या व्यवस्थापकानें स्वतःच्या अकलेनें करावयाची असे. पुढें टी. जे. कोवाल्स्की यांनीं हीं कामें एकत्र आणून ‘एफ्. एस्. सी. के.’ हा तपासनीस लिहिला. हें नांव ‘फाइल-सिस्टिम चेक’ या शब्दांचा संक्षेप आहे. बर्कले येथें मार्शल कर्क मक्यूसिक यांनीं नव्या वेगवान दप्तराची रचना केली. ती १९८३ च्या बर्कले युनिक्समध्यें आली, आणि तिच्यासाठीं तपासनीसही सुधारून घेण्यांत आला. आजच्या लिनक्समधील तपासनीस निराळा लिहिलेला आहे, परंतु चाल तीच.

ही चाल पांच फेऱ्यांची आहे. पहिल्या फेरींत तो एकूण एक टिपण वाचतो, कप्प्यांचे क्रमांक तबकडीच्या मर्यादेंत आहेत काय हें पाहतो, आणि वाचतां वाचतां भरलेल्या कप्प्यांचा स्वतःचा एक नवा नकाशा काढीत जातो. मग सूच्या तपासतो. मग प्रत्येक सूचीपासून मूळ सूचीपर्यंत वाट अखंड आहे ना, हें पाहतो. चौथ्या फेरींत एकेका टिपणाकडे किती नांवें बोट दाखवितात तें मोजून टिपणावरील आंकड्याशीं ताडतो. पांचव्या फेरींत जुना नकाशा आणि आपण काढलेला नकाशा समोरासमोर ठेवून जेथें फरक असेल तेथें जुना दुरुस्त करतो. कारण टिपणांवरून नकाशा पुन्हां काढतां येतो, नकाशावरून टिपणें काढतां येत नाहींत.

कित्येकदां टिपण शाबूत, मजकूर शाबूत, पण कोणत्याही सूचींत नांव नाहीं, अशी फाइल आढळते. हीं दप्तरांतील अनाथ मुलेंच. रेल्वेच्या कचेरींत हरवलें-सांपडलेंचें एक कपाट असतें, त्याच अर्थाच्या इंग्रजी नांवाची एक सूची अशा कित्येक दप्तरांत मुद्दाम ठेवलेली असते. तींत तपासनीस या अनाथांची सोय लावतो. नांव ठाऊक नसल्यामुळें टिपणाचा क्रमांक हेंच त्यांचें नांव. या सूचींत दप्तर तयार करतेवेळींच पुष्कळ जागा राखून ठेवलेली असते. ज्या घडीला नकाशाच संशयास्पद आहे, त्या घडीला नवा कप्पा मागून घेणें धोक्याचें, हें तिच्या कर्त्यांनीं आधींच ओळखलें होतें. आमच्या मतें या सबंध विषयांतील सर्वांत शहाणपणाची योजना हीच. आणि खेद याचा कीं, दुरुस्तीनंतर ती सूची उघडून पाहणारे लोक फारच थोडे.

दोघांनीं सांगितलेल्या कप्प्याचें काय? लिनक्सचा तपासनीस त्या कप्प्याची नक्कल करून दोघांना एकेक प्रत देतो. तंटा मिटला, दप्तर जुळलें. पण मजकूर तर एकाचाच होता! दुसऱ्या फाइलीच्या मधोमध आतां परक्याचा तुकडा बसलेला आहे, आणि ती कोणती हें तपासनिसाला कळण्याचा मार्ग नाहीं. छायाचित्र म्हणजे काय, जमाखर्च म्हणजे काय, हें त्याला समजत नाहीं. वह्या एकमेकींशीं जुळतात किंवा नाहींत, एवढेंच त्याचें काम, आणि ‘स्वच्छ’ हा दाखला तेवढ्यापुरताच आहे.

तबकड्या जसजशा मोठ्या झाल्या तसतशी ही तपासणी लांबत चालली. मोठ्या यंत्रांवर तासन् तास लागूं लागले. त्यावर जो उपाय निघाला तो आपल्याकडील पेढीवरच्या कोणाही कारकुनाला ताबडतोब पटेल. व्यवहार एकदम खतावणींत मांडीत नाहींत. आधीं रोजकीर्दींत लिहितात, मग सवडीनें खतावणी. त्याचप्रमाणें दप्तरांत जो बदल करावयाचा तो यंत्र प्रथम एका रोजकीर्दींत लिहितें, नोंद पुरी झाल्याची खूण करतें, आणि मग मूळ जागीं बदल उतरवितें. वीज गेल्यास सबंध दप्तर चाळण्याचें कारण नाहीं. रोजकीर्द उघडावी, पुरी झालेली नोंद पुन्हां उतरवावी, अर्धवट असेल ती सोडून द्यावी. काम बहुधा कांहीं सेकंदांचें. आय्. बी. एम्. कंपनीनें १९९० मध्यें आपल्या युनिक्समध्यें ही पद्धति आणली, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एन्. टी. मध्यें ती १९९३ सालीं आली, आणि लिनक्समध्यें स्टीफन ट्वीडी यांचें ‘एक्स्ट-३’ हें दप्तर १९०० चें शतक संपून एक वर्ष होतें न होतें तोंच, २००१ च्या नोव्हेंबरांत, दाखल झालें.

परंतु येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. या रोजकीर्दींत बहुधा टिपणें, सूच्या व नकाशा यांतीलच बदल लिहिले जातात. आपला मजकूर तींत नसतो. मजकूरही लिहिण्याची सोय कांहीं दप्तरांत आहे, पण मग सर्व कांहीं दोनदां लिहावें लागतें आणि वेग घटतो, म्हणून ती सहसा चालू ठेवीत नाहींत. रोजकीर्दीनें दप्तर वांचतें. प्रबंधाचें शेवटचें प्रकरण वांचेलच असें नाहीं.

याचा प्रत्यय २००९ मध्यें आला. ‘एक्स्ट-४’ हें पुढचें दप्तर २००८ च्या डिसेंबरांत लिनक्समध्यें स्थिर म्हणून स्वीकारलें गेलें होतें. त्यांत मजकुरासाठीं कप्पे नेमून देण्याचें काम शक्य तितकें पुढें ढकलण्याची युक्ति होती. त्यामुळें वेग वाढला. पण यंत्र कोलमडल्यानंतर कांहीं लोकांच्या फाइली शून्य लांबीच्या निघाल्या. नांव जागेवर, टिपण जागेवर, तपासनिसाची तक्रार नाहीं, आणि आंत अक्षरही नाहीं! त्या दप्तराचे प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांनीं सांगितलें कीं, मजकूर तबकडीवर खरोखर उतरवा असा स्पष्ट हुकूम लेखनाच्या प्रोग्रामनें दिला नसेल, तर तो उतरेल अशी हमी नियमांनीं कधींच दिलेली नव्हती. हें म्हणणें नियमाला धरूनच होतें. तरीही फाइल बदलण्याच्या नेहमींच्या प्रसंगीं मजकूर लगोलग उतरावा अशी दुरुस्ती त्यांनीं दप्तरांत केली, हें त्यांना भूषणावह आहे. पुढें २०१४ मध्यें विस्कॉन्सिन विद्यापीठांतील संशोधकांनीं नित्याच्या वापरांतील अकरा प्रोग्राम तपासले. कोलमडण्याच्या प्रसंगीं दगा देतील अशा साठ जागा त्यांत निघाल्या. अर्थात् दोष एकट्या दप्तराचा नसतो.

मग पडद्यावर तो प्रश्न उभा राहिला असतां घरांत काय करावें? सर्वांत आधीं ‘होय’ म्हणूं नये. तबकडी स्वतःच तर आजारी नाहीं ना, हें पाहावें. तींतून टिकटिक आवाज येत असेल, वाचतांनाच चुका होत असतील, तर दुरुस्तीचें नांवही काढूं नये. कारण तपासनीस सबंध तबकडी पिंजून काढतो व तिच्यावर लिहितो, आणि मरणोन्मुख तबकडीला हे श्रम सोसत नाहींत. आधीं तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या तबकडीवर घ्यावी. ‘जी. एन्. यू. डीडीरेस्क्यू’ नांवाचें साधन नेमकें याच कामाचें आहे. तें चांगला भाग प्रथम उचलतें व अवघड जागा शेवटीं धरतें. दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेच्याही नकलेवर करावेत.

तबकडी धडधाकट असेल तर प्रथम तपासनिसाला नुसतें पाहावयास सांगावें. लिनक्समध्यें आज्ञेला ‘एन्’ हें अक्षर जोडलें कीं तो दोष सांगतो पण हात लावीत नाहीं. मात्र या वेळीं तो रोजकीर्दही उतरवीत नसल्यामुळें कांहीं दोष नसते दिसतात. एवढ्यावरून घाबरूं नये. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ हाही विशेष आज्ञेवांचून केवळ अहवाल देतो, आणि दुरुस्ती करतांना सांपडलेले तुकडे ‘फाउंड’ नांवाच्या फोल्डरांत टाकतो. वापरांत असलेल्या दप्तरावर दुरुस्ती कधींही चालवूं नये. कारण यंत्र व तपासनीस दोघेही एकाच वहींत एकाच वेळीं खाडाखोड करूं लागतात. मुखपृष्ठच बिघडलें असेल तर निराश होण्याचें कारण नाहीं. त्याच्या प्रती आंत ठिकठिकाणीं ठेवलेल्या असतात. ‘एक्स्ट’ घराण्यांत ४०९६ बाइटांचे कप्पे असल्यास त्यांतील पहिली प्रत बहुधा ३२७६८ व्या कप्प्यांत सांपडते.

दप्तरादप्तरांच्या रीती निराळ्या आहेत. ‘एक्स्‌एफ्‌एस्’चा दुरुस्तीकार, रोजकीर्द अपुरी असेल तर काम नाकारतो आणि आधीं ती उतरवून घ्या म्हणतो. ती फाडून टाकून पुढें जाण्याची आज्ञाही आहे, पण अगदीं शेवटचा उपाय म्हणून. ‘बीटीआर्‌एफ्‌एस्’च्या माहितीपुस्तकांत तर दुरुस्तीची आज्ञा जाणत्याच्या सल्ल्यावांचून चालवूं नका, अशी स्पष्ट सूचना आहे. सन कंपनीनें २००५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘झेड्‌एफ्‌एस्’मध्यें असा तपासनीसच नाहीं. तेथें जुन्या कप्प्यावर न लिहितां नव्या कप्प्यांत लिहितात, प्रत्येक कप्प्याची पडताळ्याची बेरीज ठेवतात, आणि दुसरी प्रत असल्यास बिघडलेला कप्पा तिच्यावरून नीट करतात. मजकूर बदलला हें अशा दप्तराला ओळखतां येतें. तरी जें तबकडीपर्यंत पोहोंचलेंच नाहीं, तें त्यालाही परत आणतां येत नाहीं.

दाखला मिळाल्यावर खरें काम सुरू होतें. हरवलें-सांपडलेंची सूची उघडावी, क्रमांकाच्या नांवानें बसलेल्या फाइली एकेक करून पाहाव्या. त्यांत आजीचें छायाचित्र निघूं शकतें. वीज गेली त्या घटकेच्या आसपास ज्या फाइलींवर काम चाललें होतें, त्या उघडून शेवटपर्यंत वाचाव्या. नुसतें नांव व आकार पाहून समाधान मानूं नये. आणि हें होईपर्यंत, दुसऱ्या तबकडीवर किंवा परगांवच्या यंत्रावर रोज रात्रीं आपोआप जी नक्कल होते, ती तेवढी थांबवून ठेवावी. नाहीं तर येथील शून्य लांबीची फाइल तेथील चांगल्या फाइलीवर जाऊन बसते.