श्रीखंडे आलेख

श्रीखंडे आलेख हा आलेख सिद्धांतातील १६ शिरोबिंदू आणि ४८ कडा असलेला आलेख आहे. मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक राहिलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांनी १९५९ साली तो मांडला. मोजणीचे सर्व आकडे जुळूनही दोन रचना भिन्न असू शकतात, याचे हे अभिजात उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

बुद्धिबळाच्या ४×४ घरांच्या पटावर प्रत्येक घर हा एक शिरोबिंदू मानावा. हत्ती एका चालीत ज्या दोन घरांमध्ये जाऊ शकतो, ती घरे कडेने जोडावीत. असा 'हत्ती आलेख' तयार होतो. त्यात प्रत्येक घराला ६ शेजारी असतात आणि कोणत्याही दोन घरांना, ती जोडलेली असोत वा नसोत, नेमके २ सामाईक शेजारी असतात. हे आकडे पाळणारा प्रत्येक आलेख हत्ती आलेखच असतो का, हा मूळ प्रश्न होता. n×n पटासाठी याचे उत्तर होकारार्थी आहे; अपवाद फक्त n = ४ चा, आणि तेथेही दुसरा आलेख एकच आहे, असे श्रीखंडे यांनी सिद्ध केले.

रचना

४×४ पटाची डावी किनार उजवीला आणि वरची खालचीला चिकटलेली आहे, असे मानावे. प्रत्येक घर त्याच्या डाव्या, उजव्या, वरच्या व खालच्या घरांशी, तसेच एकाच ठरावीक कर्णदिशेतील दोन लगतच्या घरांशी जोडावे.

दोन आलेखांतील फरक

हत्ती आलेखात एका घराच्या ६ शेजाऱ्यांमध्ये दोन सुटे त्रिकोण दिसतात. श्रीखंडे आलेखात त्यांचा एकच षट्‌कोन होतो. हत्ती आलेखात एका ओळीतील चारही घरे परस्परांशी जोडलेली असतात; श्रीखंडे आलेखात असे चार शिरोबिंदू सापडत नाहीत.

महत्त्व

दोन आलेख समरूप आहेत की नाहीत, हे ठरवणारी बहुपदी वेळेत चालणारी रीत अद्याप ज्ञात नाही. लास्लो बाबाई यांनी २०१५ मध्ये त्याच्या जवळ जाणारी रीत जाहीर केली. केवळ शेजारी मोजणाऱ्या सोप्या पद्धती या जोडीत फरक करू शकत नाहीत. म्हणून नव्या पद्धती पारखण्यासाठी ती वापरली जाते.