नावाचे घड्याळ आणि कामाचे घड्याळ

आमच्या वडिलांचे मनगटी घड्याळ गेल्या पावसाळ्यात मावळातल्या एका विहिरीत उतरले, आणि त्यापायी मला, ज्याला तास आणि मिनिटे यांपलीकडे घड्याळातले काही कळत नव्हते अशा माणसाला, या यंत्राच्या पोटात शिरावे लागले.

वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. १९६८ च्या दिवाळीत बोनस हाती पडला तेव्हा त्यांनी ते स्विस घड्याळ घेतले. घरात सायकल येण्याच्या आधी घड्याळ आले, असे आई अजून सांगते. वडील गेल्यावर तिने एक नेम धरला : सकाळी देवपूजा आटोपली की घड्याळाला किल्ली द्यायची. माझा पुतण्या चाकणला मोटारीच्या कारखान्यात लागला, तेव्हा तिने ते त्याच्या मनगटावर बांधले. पण रात्री त्याने ते तिच्याजवळ द्यायचे आणि सकाळी किल्ली दिलेले परत न्यायचे, असा करार केला. पुतण्या एका रविवारी मित्रांबरोबर पोहायला गेला. तबकडीवर समुद्राचे नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द. त्याच्या भरवशावर गड्याने घड्याळासकट उडी घेतली. तासाभरात काचेखाली धुके जमले आणि दुसऱ्या दिवशी काटे थांबले.

चिंचवडगावातल्या एका जुन्या कारागिराकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, झाकण उघडले आणि आतले एक काळपट कडे चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवले. बोट लावताच त्याचा चुरा झाला.

“हा रबराचा वॉशर. पाणी अडवतो तो हा. पन्नास वर्षांत कुणी बदलला होता का?”

“पण काका, तबकडीवर वॉटरप्रूफ लिहिलंय,” पुतण्या म्हणाला.

“लिहिलं तेव्हा खरं होतं, बाळा. आणि तेव्हासुद्धा हात धुताना, पावसात सायकल मारताना काळजी नको, एवढाच त्याचा अर्थ. समुद्राचं नाव असणं वेगळं आणि समुद्रात जाणं वेगळं.”

ते शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. एकच कंपनी दोन्ही प्रकारची घड्याळे करते; मग नावाचे कोणते आणि कामाचे कोणते, हे गिऱ्हाइकाने ओळखावे कसे?

याचे फार चांगले उत्तर आपल्या मुंबईशी जुने नाते असलेल्या एका नाममुद्रेत सापडते. फावर-ल्युबा हे नाव साठीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावी १७३७ साली अब्राहम फावर यांच्यापासून सुरू झालेले हे घराणे एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानात आले आणि मुंबईत त्यांची पेढी उभी राहिली. पुढे लग्नात जावयाला द्यायचे घड्याळ म्हणजे ‘फेवरलुबा’, असे समीकरण आपल्या मध्यमवर्गात होऊन बसले. (उच्चार चुकीचा होता, पण सगळ्यांचा एकसारखाच चुकीचा होता.) त्यांची सी चीफ, सी किंग ही घड्याळे कारकुनांच्या, शिक्षकांच्या, रेल्वेतल्या बाबूंच्या मनगटांवर दिसत. नावात समुद्र, पण अंगकाठी सडपातळ, रोज किल्ली द्यायची, कोटाच्या बाहीखाली निमूटपणे बसणारी. ती उत्तम घड्याळे होती. समुद्राशी त्यांचा संबंध मात्र नावापुरता.

याच कंपनीने १९६२ साली ‘बिव्हुआक’ नावाचे घड्याळ काढले. बिव्हुआक म्हणजे गिर्यारोहकाने उघड्यावर काढलेली रात्र. या घड्याळाच्या आत वेळेच्या यंत्राबरोबर एक वायुभारमापक बसवला होता. हवा काढून घेतलेली धातूची चपटी डबी. बाहेरचा दाब कमी झाला की ती किंचित फुगते, वाढला की दबते, आणि ती केसाएवढी हालचाल चाकांच्या साहाय्याने मोठी होऊन तबकडीवरच्या एका काट्याला फिरवते. आपण दर शंभर मीटर चढलो की हवेचा दाब पाऱ्याच्या मापाने आठ-नऊ मिलिमीटर उतरतो. तेवढ्यावरून हे घड्याळ तीन हजार मीटरपर्यंतची उंची दाखवी. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे अवघा सह्याद्री त्या मापात मावला आणि वर जागा उरली. १९६४ साली वॉल्टर बोनाती आणि मिशेल व्होशे यांनी आल्प्समधल्या ग्रांद जोरासची अवघड व्हिंपर धार चढली, तेव्हा हेच घड्याळ त्यांच्याजवळ होते.

या यंत्राची एक गंमत अशी, की ते उंची मोजत नाही; दाब मोजते आणि उंचीचा अंदाज करते. पावसाळी ढग दाटून आले आणि दाब उतरला, तर गडाच्या पायथ्याशी निवांत चहा घेत बसलेला माणूसही घड्याळाच्या हिशेबाने हळूहळू वर चढू लागतो! म्हणून निघण्यापूर्वी ज्या ठिकाणची उंची पक्की माहीत आहे तिथे काटा जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्याकडे फार सोय आहे. लोहगडाला जायचे तर मळवलीला उतरावे. रेल्वे स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती कशासाठी, असे लहानपणी मी वडिलांना विचारले होते. एक उपयोग आता मिळाला. शिवाय एका जागी मुक्काम असताना काटा उगाच चढू लागला तर हवा बिघडते आहे, हेही कळते; आणि रात्र उघड्यावर काढायची असेल तर ती सूचना लाखमोलाची.

१९६८ साली त्यांनीच ‘बाथी’ काढले. ते पाणबुड्यांसाठी. सगळी घड्याळे पाणी बाहेर ठेवायला धडपडतात. याने पाण्याला मुद्दाम आत घेतले. पाठीमागच्या झाकणाला छिद्रे होती, त्यांतून शिरलेले पाणी धातूच्या एका पातळ पडद्यावर दाब देई आणि काटा खोली दाखवी, पन्नास मीटरपर्यंत. वेळेचे यंत्र अर्थात निराळ्या, बंद कप्प्यात. पाण्याखाली किती वेळ गेलो आणि किती खोल आहोत, या दोन प्रश्नांवर पाणबुड्याचा जीव टांगलेला असतो. फार खोल, फार वेळ राहून तो झटक्याने वर आला तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, आणि माणूस अपंग होतो किंवा दगावतो.

सी किंग आणि बाथी, दोन्हींवर नाव एकच घराण्याचे. फरक कुठे आहे? माझ्या मते तो असा : दुसऱ्या घड्याळाने चूक केली तर कुणाची तरी हाडे मोडतील, हे गृहीत धरून ते बनवलेले असते. पाणबुडी घड्याळांसाठी पुढे आंतरराष्ट्रीय मानकच ठरले. घड्याळ निदान शंभर मीटरचे हवे. जेवढ्या खोलीचा दावा असेल तिच्या सव्वापट दाबाखाली ते तपासायला हवे. अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वाचता यायला हवे. आणि वेळ लावून ठेवायचे बाहेरचे कडे धक्क्याने चुकून फिरता कामा नये. म्हणून ते बहुधा एकाच दिशेने फिरते. चुकलेच तर उरलेला वेळ कमी दाखवील, जास्त कधीच नाही. साध्या घड्याळावरच्या ‘तीस मीटर’ या शब्दांचा अर्थ मात्र तीस मीटर बुडी मारा असा नव्हे. नव्या घड्याळाने कारखान्यात तेवढा स्थिर दाब एकदा सोसला आहे, इतकेच. आता तर कंपन्या ‘वॉटरप्रूफ’ हा शब्दही टाळतात. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणतात.

नाव आणि काम यांची गल्लत परदेशी कंपन्याच करतात असे नाही. आपल्या एचएमटीने ‘जनता’ आणि ‘पायलट’ अशी दोन घड्याळे काढली होती. पायलटची काळी तबकडी, ठळक आकडे पाहून तरुणांना विमानात बसल्याचा भास होई. आत यंत्र एकाच जातीचे, सतरा माणकांचे. पायलटही मजबूत आणि जनताही मजबूत, भपका तबकडीचा. उलट उदाहरण ओमेगाच्या स्पीडमास्टरचे. १९५७ साली ते मोटारींच्या शर्यतींसाठी निघाले. अमेरिकेच्या नासाने काही कंपन्यांची घड्याळे घेऊन ती तापवली, गोठवली, आदळली, हादरवली. त्यात टिकले ते हेच, आणि १९६५ साली अंतराळासाठी मान्य झाले. तबकडीवर ‘प्रोफेशनल’ हा शब्द त्या सुमारास चढला. पदवी आधी आणि परीक्षा नंतर, असा प्रकार नव्हता.

हे सारे पुतण्याला सांगत होतो तेव्हा तो हसून म्हणाला, “काका, आमच्या चाकणला ना समुद्र, ना चंद्र.” खरे आहे. पण या पट्ट्यातही अशा घड्याळांना काम आहे. स्पीडमास्टरच्या कडेवर जे आकडे असतात त्यांना टॅकीमीटर म्हणतात. रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजले की समोरचा आकडा ताशी वेग सांगतो. पण मोटारच हवी असे नाही. लाइनवर एक नग पंचेचाळीस सेकंदांत उतरत असेल, तर काटा ऐंशीवर थांबतो : ताशी ऐंशी नग! याचा गरीब पण काटेकोर भाऊ कारखान्यात पूर्वीपासून आहे : टाइम स्टडीवाल्याचे स्टॉपवॉच. त्यात मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग असतात, म्हणजे बेरीज सोपी जाते. ते घेऊन साहेब मागे येऊन उभा राहिला की सगळ्यांचे हात आपोआप जपून चालत, असे वडील सांगत.

वेल्डिंगजवळ काम करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. घड्याळ एकाएकी पुढे पळू लागते. केसासारख्या बारीक स्प्रिंगेला चुंबकत्व लागते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि ती आखूड असल्यासारखी भरभर हलते. रोलेक्सने १९५६ साली काढलेल्या मिलगाउसमध्ये यासाठी यंत्राभोवती मऊ लोखंडाचे कवच होते. एक हजार गाउसपर्यंत त्याला बाधत नसे. आपल्या साध्या घड्याळाला मात्र कारागीर काही सेकंदांत, थोड्या पैशांत चुंबकमुक्त करून देतो. लाखांची गरज नाही.

आणि एक तर खास आपली अडचण. वैमानिकांसाठी रोलेक्सने पॅन अमेरिकनच्या सांगण्यावरून जीएमटी-मास्टर बनवले. चौथा काटा दुसऱ्या देशाचा तास दाखवतो. चाकणला जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत, तेव्हा हे घड्याळ तिथे उपयोगी पडावे. पण आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे! चाकणला दुपारी दीड वाजतो तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत सकाळचे नऊ होतात. मिनिटकाटा एकच असल्यामुळे त्या वैमानिकी घड्याळात नऊ किंवा साडेनऊ यांचा हिशेब शेवटी तोंडीच करावा लागतो.

पुतण्याचे मन एका महागड्या पाणबुडी घड्याळावर गेले होते, तेही हप्त्याने. मी त्याला एवढेच विचारले, की वर्षातून किती वेळा पोहणार? त्याने शंभर मीटरचे, सेलवर चालणारे, रबरी पट्ट्याचे साधे घड्याळ घेतले.

वडिलांचे घड्याळ तीन आठवड्यांनी परत मिळाले. गंजलेले दोन स्क्रू आणि मुख्य स्प्रिंग बदलली, नवा वॉशर बसवला. तबकडीवर सहाच्या आकड्याजवळ पाण्याचा एक पिवळट डाग राहिला. तो काढायला तबकडी नव्याने रंगवावी लागली असती. आईने नको म्हटले. घड्याळ आता तिच्याजवळच असते. सकाळी किल्ली देते, कानाला लावते, आणि न्हाणीघरात जाण्यापूर्वी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर काढून ठेवते.